दगडावरचा लाल बाण

माझ्या नावाचा एक दगड आहे. पाटाएवढा, करड्या रंगाचा, एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूवर बोटभर लांबीच्या वळ्या उठलेल्या. अठ्ठावीस वर्षं तो आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात काचेच्या कपाटात होता. त्याच्याखालच्या पाटीवर लिहिलं होतं की या वळ्या म्हणजे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी चिखलात सरपटलेल्या कृमीच्या खुणा आहेत. प्राणेश सरांनी त्या कृमीला माझं नाव दिलं होतं: गोपालिक्नस, म्हणजे गोपाळची खूण. ती पाटी मीच लिहिली होती, सुवाच्य अक्षरात, कन्नड आणि इंग्रजीत.

मी त्या विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. दगड कापायचे, काचेवर चिकटवून कागदाहून पातळ होईपर्यंत घासायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून द्यायचे आणि पाट्या लिहायच्या. आमचं मराठी घर या कन्नड गावात, नजरबादच्या एका बोळात. वडील रंगारी, लाकडी ठशांनी कापडावर नक्षी छापायचे. गिरणीच्या कापडानं तो धंदा बसला. मला चारचौघांत बोलता येत नाही. मराठीत बोललो तर मध्येच कन्नड शब्द येतो म्हणून लाज, कन्नडमध्ये बोललो तर मराठी हेल येतो म्हणून लाज, इंग्रजीत तर तोंडच उघडत नाही. म्हणून वाचत राहिलो. विभागाच्या कपाटातली बहुतेक पुस्तकं मी वाचली होती, पण वाचलेलं आपल्याला कळलं आहे असं म्हणायचा धीर कधी झाला नाही. आताही हे लिहिताना, कुणी शहाणा माणूस यातली चूक काढेल असं वाटतंच आहे. काढू दे.

दगड सापडला १९५८ साली. प्राणेश सर तेव्हा विभागप्रमुख झाले होते. मला त्यांनीच नोकरीत घेतलं, माझ्या हातात त्यांनीच पहिलं भिंग दिलं. बेट्टदपुराच्या पलीकडे एका ओढ्यात आम्ही चार दिवस दगड बघत हिंडलो. आमच्या कामात एक नियम असतो. दगड जागेवरून हलवायच्या आधी त्याच्या कडेवर लाल रंगानं बाण काढायचा, आकाशाकडे तोंड असलेला. एकदा दगड पिशवीत गेला की त्याची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हे तो स्वतः सांगत नाही. सांगतो, पण सगळ्यांना नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

तिसऱ्या दिवशी सर ओढ्यानं वर गेले होते. मी पहारीनं एक थर उचकटला आणि एक फरशी सुटून खाली घसरली. रंगाचा डबा मुक्कामावरच, सरांच्या पिशवीत राहिला होता. म्हटलं, मुक्कामावर गेल्यावर बाण काढू, लक्षात राहील. खांद्यावर घेतली, दोनदा खाली टेकवली, दोनदा उचलली. मुक्कामावर डबा उघडला आणि हात थांबला. कुठली बाजू वर होती?

एक बाजू कोरी होती. दुसरीवर वळ्या होत्या, उठावदार, जणू कुणी ठसा मारावा तशा. माझ्या हातानं क्षणात ठरवलं. जन्मापासून त्या हाताला एकच गोष्ट शिकवलेली होती: नक्षी दिसते ती सुलट, कोरी ती उलट. सुलट बाजू वर ठेवून घडी घालायची, सुलट बाजू वर ठेवून गिऱ्हाइकापुढे टाकायची. मी वळ्या वर धरल्या आणि कडेवर बाण काढला.

रात्रीच्या जेवणाआधी सर आले. फरशी बघून खाली बसले, बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

“गोपाळ, हा बाण तू काढलास?”

“हो सर.”

“जागेवरच ना?”

“हो सर.”

“नीट आठव. वळ्या खालच्या बाजूला असत्या तर मी हा दगड फेकून दिला असता. चिखलाला भेगा पडतात, वरून वाळू येऊन भेगा भरतात, मग त्या वाळूच्या थराच्या पोटाला अशाच वळ्या लटकतात. पोरखेळ. पण वळ्या वर असतील तर त्या भेगांच्या नव्हेत. कुणीतरी सरपटलंय, अप्पा.”

सर मला मायेनं अप्पा म्हणत. मी तिसऱ्यांदा हो म्हणालो.

एवढंच. त्या ‘हो’वर सरांनी लेख लिहिला. परदेशातून पत्रं आली. काहींनी मानलं, काहींनी नाही, पण दगड प्रसिद्ध झाला. सरांना वाटलं असतं तर स्वतःचं नाव देता आलं असतं. त्यांनी माझं दिलं. पत्र दाखवताना म्हणाले, “शोधणारा तू. मी फक्त वाचलं.” त्या दिवशी मी घरी जाऊन अनुसूयेला, माझ्या पत्नीला, काही सांगू शकलो नाही. तिला वाटलं आनंदानं गप्प आहे.

तीन वर्षांनी त्या फरशीच्या कोपऱ्याचा मी काप केला. वळीपासून कोऱ्या बाजूपर्यंत उभा छेद. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर वळीकडच्या बाजूला जाड कण, कोऱ्या बाजूकडे बारीक होत गेलेले. पाण्यात वाळू बसते तेव्हा जाड आधी खाली बसते, बारीक नंतर वर. तांदूळ धुणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे. म्हणजे वळ्या खाली होत्या. दगड सांगत होता, मी ऐकत होतो, आणि स्वतःला म्हणत होतो, तू कोण? सर वाचतील तेच खरं. तो काप मी सरांना दिलाच नाही. ‘तुटला’ असं वहीत लिहिलं आणि चष्म्याच्या जुन्या डबीत घालून घरी नेला.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तेव्हा, १९८६ साली, कॉलेजनं संग्रहालयासाठी नवीन दालन बांधलं. पाट्या लिहायला मलाच परत बोलावलं. कुठल्या दगडाबद्दल काय लिहायचं ते ठरवायचं काम वरलक्ष्मी नावाच्या नवीन अध्यापिकेकडे होतं. अठ्ठावीस-तीस वर्षांची असेल. विभागात मला ‘सर’ म्हणणारी ती एकटीच.

एके दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात माझा दगड.

“सर, रागावू नका. हे जीवाश्म नाहीत.”

मी ब्रश धूत होतो, धूतच राहिलो.

“बघा ना. प्राणी सरपटला तर त्याची वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची हवी. या वळ्या मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना सुईसारख्या. प्राण्याची वाट स्वतःला ओलांडून पुढे जाते. इथं एक वळी दुसरीला भिडली की थांबते, अगदी चिखलाच्या भेगेसारखी. शिवाय अडीचशे कोटी वर्षांपूर्वी प्राणी कुठले? तेव्हाच्या खडकांत जिवाणूंचे थर मिळतात, थरावर थर चढत गेलेले. ते खरे. हे नाही.”

“मग लिहा तसं, अम्मा.”

“लिहिलंय. पण प्राणेश सर संग्रहालय समितीचे अध्यक्ष आहेत. म्हणाले, बाण बघितलास का? बाण वर आहे. तुझ्या सगळ्या बुद्धीपुढे तो एक बाण पुरे आहे.” ती हसली, पण हसू टिकलं नाही. “शनिवारी समितीची बैठक आहे. माझी नोकरी कायम करायची की नाही हेही त्याच दिवशी प्राचार्य ठरवणार. मी शब्द मागे घेतले तर सगळं सुरळीत, म्हणे.”

“घेणार?”

“बाणाला उत्तर नाही माझ्याकडे. खोदला तिथं मी नव्हते.” मग एकदम म्हणाली, “तुम्ही होतात.”

मी ब्रश झटकला. पाण्याचे थेंब तिच्या कागदावर पडले. मी माफी मागितली, कागद टिपला आणि तेवढ्या गडबडीत उत्तर द्यायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणणं खोटं आहे. दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी भुजंगराव घरी आला. भुजंगराव आमच्या रंगारी-शिंपी समाजाचा अध्यक्ष, देवराज मार्केटजवळ शिंप्याचं दुकान. गळ्यात फीत, काखेत कापडाचा गठ्ठा.

“उभे राहा हो गोपाळराव. हात वर. अनुसूयावैनी, बघा तरी नवऱ्याला, कोटात कसे दिसतील ते. रविवारी विठ्ठलाच्या देवळात सत्कार. फोटोवाला सांगितलाय. कॉलेजनं दगड द्यायचं कबूल केलंय एका तासासाठी.”

“दगड कशाला?”

“कशाला म्हणजे? आमच्या समाजात आजवर कुणाच्या नावाचा किडा झाला होता?”

अनुसूया तोंडाला पदर लावून हसली. “किड्याचं कौतुक आणि वर कोट. आयुष्यभर एक स्वेटर धड घातला नाही यांनी.”

“सुम्मने इरी, वैनी,” भुजंगराव म्हणाला, म्हणजे गप्प बसा, आणि माझ्या खांद्याचं माप घेऊ लागला. “खांदे पडलेत हो. थोडा कापूस भरतो.”

“भुजंगराव, सत्कार नको.”

“लाजू नका.”

“लाजत नाही. तो किडा नाहीये.”

“मग साप म्हणू. आमचं काय जातंय?”

त्यानं चटईवर कापड पसरलं, एकदा उलटवलं, बोटांनी चोळलं, पुन्हा उलटवलं आणि एका बाजूवर खडूनं फुली मारली.

“फुली कशाला?” मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

“ही उलट. आत जाणार. या असल्या कापडात दोन्ही बाजू सारख्याच दिसतात की हो. हातानं ओळखायची.”

“हात चुकला तर?”

“तर गिऱ्हाइकाला सांगायचं नाही!” तो मोठ्यानं हसला.

“आणि आपल्याला माहीत असेल तर? गिऱ्हाईक तोच कोट घालून लोकांत मिरवतंय, आणि आपल्याला माहीत आहे.”

भुजंगरावाचं हसणं हळूहळू थांबलं. हातातला खडू त्यानं चटईवर ठेवला. “तसं झालं होतं एकदा. एका वकिलाचा कोट. महिनाभर त्याच्या घरावरून जायचं टाळलं. शेवटी आणला उसवून आणि नव्यानं शिवून दिला. काय करणार? तो रोज समोरून जाणार, आणि माझं लक्ष काय त्याच्या तोंडाकडे जाणार होय?”

तो गेल्यावर मी चष्म्याची डबी काढली. काप उन्हात धरला. अनुसूया भाजी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, पहारीपासून. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

तिनं हातातली शेंग मोडली. मग म्हणाली, “म्हणजे मी लोकांना सांगत फिरले ते?”

“ते चूक.”

“अय्यो.” तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. “तुमचं नाव जाईल.”

“जाऊ दे.”

“सर काय म्हणतील? त्यांच्यामुळे घर चाललं आपलं.”

“त्यांनाच तर फसवलं मी.”

“मग उद्या धुतलेला शर्ट घालून जा,” ती म्हणाली. “आणि तिथं जाऊन तोंडातल्या तोंडात पुटपुटू नका. तुमचं नेहमीचं आहे ते.”

शनिवारी बैठकीला मला कुणी बोलावलं नव्हतं. नवीन दालनातच मोठ्या टेबलाभोवती बसले होते: प्राचार्य, समितीचे दोघं, एका टोकाला काठी घेऊन प्राणेश सर, आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर वरलक्ष्मी. टेबलावर माझा दगड. मी आत गेलो तेव्हा शिपाई समजून एकानं रिकामा तांब्या पुढे केला. मी तो भरून आणला. बरंच झालं, पाणी हवंच होतं.

“बस गोपाळ,” सर म्हणाले. म्हातारे झाले होते, पण आवाज तोच. “बरा आलास. तूच सांग या मुलीला. बाण कुणी काढला?”

“मी.”

“ऐकलंत?” सर प्राचार्यांकडे वळले.

“चुकीचा काढला,” मी म्हणालो.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. दालन नवीन होतं, रिकामं होतं, त्यामुळे घुमलाही असेल.

“काय म्हणालास?”

“जागेवर काढला नाही. डबा मुक्कामावर, तुमच्या पिशवीत होता. मुक्कामावर काढला. कुठली बाजू वर होती ते मला आठवत नव्हतं. नक्षी आहे म्हणून ती वर धरली. तुम्ही विचारलंत तेव्हा हो म्हणालो. तीनदा.”

वरलक्ष्मीच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

“तुझं वय झालंय,” सर हळू म्हणाले. “अठ्ठावीस वर्षांनी असं आठवत नसतं कुणाला. घरी जा, अप्पा. उद्या तुझा सत्कार आहे ना? जा.”

“जाणार नाही.”

आयुष्यात सरांना मी हे दोन शब्द कधी म्हटले नव्हते. मी टेबलाला धरलं. मग दगडाची कापलेली कड त्यांच्याकडे वळवली आणि तांब्यातलं पाणी तिच्यावर ओतलं. कोरड्या दगडात काही दिसत नाही. ओला झाला की दिसतं. पाणी टेबलावरून प्राचार्यांच्या कागदांकडे गेलं. ते खुर्ची सरकवून उठले. मी माफी मागितली नाही.

“भिंग घ्या सर. वळ्यांकडे कण जाड आहेत. कोऱ्या बाजूकडे बारीक. हा त्याचा काप. एकसष्ट साली केला, वहीत तुटला म्हणून लिहिलं, तेही खोटं. तुम्हीच मला शिकवलंत जाड आधी बसतं म्हणून. दगड अठ्ठावीस वर्षं उलटा ठेवलाय.”

सरांनी भिंग घेतलं नाही. चेहरा लाल झाला होता.

“ठसे मारणाऱ्या रंगाऱ्याचा मुलगा तू. तुला मी दगड ओळखायला शिकवला, आणि तू मला शिकवतोस?”

“रंगाऱ्याचा मुलगा आहे म्हणूनच चुकलो,” मी म्हणालो. “दुसऱ्या कुणाचा असतो तर बाणच काढला नसता, विचारलं असतं. पण चूक माझी, सर. या बाईंची नाही. त्यांनी दगड बघितला आणि दगडात आहे ते लिहिलं. त्यांची नोकरी माझ्या बाणावर कापू नका.”

प्राचार्य समजूतदार माणूस. खिशातल्या रुमालानं कागद टिपत म्हणाले, “वाद कशाला? ‘संभाव्य कृमीमार्ग’ असं लिहू. दोन्ही बाजू राहतील. गोपाळरावांचं नावही राहील.”

“मी लिहिणार नाही,” मी म्हणालो.

“काय?”

“पाट्या मी लिहितो. ‘संभाव्य’ मी लिहिणार नाही. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या, मी इथं दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला खोटं आहे म्हणून सांगेन. मला आता दुसरं काम नाही.”

वरलक्ष्मी मान खाली घालून बसली होती. तिच्या खांद्यांवरून वाटलं हसते आहे. रडतही असेल, मी विचारलं नाही.

सर काठीवर भार देऊन उठले. टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले. मला वाटलं मारतील. त्यांनी माझ्या हातातून भिंग घेतलं, वाकले, आणि ओल्या कडेवर धरलं. वाकताना त्यांना त्रास होत होता. कड वाळू लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच तांब्यातलं उरलेलं पाणी बोटांनी शिंपडलं.

“त्या बाणावर मी घर बांधलं, गोपाळ,” शेवटी म्हणाले. मान वर केली नाही.

“हो सर.”

“एकसष्ट साली सांगितलं असतंस तर पाडून दुसरं बांधायला वय होतं माझं.”

भिंग टेबलावर ठेवून ते निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. दोन वर्षांनी वारले. त्यांच्या घरी गेलो होतो, फाटकापर्यंत.

तरी पुन्हा तो शनिवार आला तर मी पुन्हा तेच करीन. एवढ्या एका गोष्टीबद्दल मला शंका नाही.

त्याच दुपारी मी रंगाचा डबा उघडला. जुना बाण खरवडला नाही. झालेली चूक पुसायची नसते, असा आमच्या कामातला आणखी एक नियम आहे. त्यावर आडवी रेघ मारली, शेजारी उलट दिशेचा नवा बाण काढला आणि तारीख घातली. फरशी वळ्या खाली येतील अशी चौकटीत बसवली, खाली आरसा ठेवला. आता वळ्या आरशात दिसतात. पाटी तीन भाषांत लिहिली. मराठीचा तिथं काही संबंध नव्हता, पण लिहिली. “वाळूनं भरलेल्या चिखलाच्या भेगा. जीवाश्म नाही. १९५८ साली बाण उलटा काढल्यामुळे कृमीमार्ग समजले गेले. ओळखल्या: वरलक्ष्मी. बाण काढणारा: गोपाळराव.” प्राचार्यांनी ती दोनदा वाचली. “मराठी कोण वाचणार?” एवढंच म्हणाले आणि सही केली. वरलक्ष्मीची नोकरी कायम झाल्याचं पत्र सहा महिने उशिरा आलं, पण आलं.

रविवारचा सत्कार झाला नाही. संध्याकाळी भुजंगराव कोट घेऊन आला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकून म्हणाला, “आता हा घालून कुठं जाणार, सांगा. समाजात सगळे विचारतायत, किडा मेला का म्हणून.”

“मेला नाही. नव्हताच.”

“ते तुम्हीच सांगा त्यांना. मी शिंपी आहे.”

मी कोट घातला. खांद्यांत कापूस होता, उभं राहिल्यावर ताठ वाटत होतं. दर गुरुवारी तो घालून मी त्या दालनात जातो. शाळांची मुलं येतात, आरशात वळ्या बघून ओरडतात, “मिस, नोडी, हुळा!” म्हणजे बघा, किडा. मग मी माझ्या नावाच्या पाटीशेजारून पुढे होतो आणि त्यांना, तोंडातल्या तोंडात न पुटपुटता, सांगतो, की हा किडा नाही.